सिस्टरांची गुंतवणूक

घर बघायला आलेलं माणूस आधी काय बघतं, यावरून मी त्याचा पगार सांगू शकतो. बायका ओट्याची लांबी बघतात. नवरे नळ सोडून पाण्याचा जोर बघतात. सासरे दरवाजाची दिशा विचारतात, आणि ज्यांना घर घ्यायचंच नसतं ते खिडकीशी उभे राहून "हवा छान येते" म्हणतात. सिस्टर यातलं काहीच करत नसत. त्या जिन्यातच थांबायच्या. अर्ध्यावर जिथे जिना वळतो तिथे दोन्ही हात पसरून उभ्या राहायच्या, एकदा भिंतीकडे आणि एकदा कठड्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, "इथून चौघं वळतील का?"

पहिल्यांदा मला वाटलं, सामानाबद्दल विचारतायत. मी धंद्यातल्या सवयीने म्हणालो, "वळतील की. कपाट, फ्रिज, सोफा, सगळं जातं वर."

"कपाट नाही रे," त्या म्हणाल्या. "तिरडी."

मी इस्टेट एजंट आहे. बोलण्यावर माझं पोट चालतं. पण त्या जिन्यात मी उगाचच लाइटचं बटण चालू-बंद करून बघितलं.

मी मूळचा वटारचा. घरची वाडी थोरल्या भावाकडे आहे. मला केळीचे घड मोजत बसणं जमलं नाही, म्हणून विरार पूर्वेला, फुलपाड्याच्या रस्त्यावर एक गाळा घेऊन एकाची घरं दुसऱ्याला दाखवत बसलो. सिस्टर मुंबईतल्या एका पालिकेच्या हॉस्पिटलात नर्स होत्या. काटकुळ्या, बुटक्या, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांना नावाने हाक मारणारं कोणी मी ऐकलं नाही. दूधवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे सिस्टरच म्हणायचे. त्या मात्र सगळ्यांना पहिल्या वाक्यापासून अरे-तुरे करायच्या. हजारो माणसांना कुशीवर वळवलेल्या बाईने अहो-जाहो का करावं?

पहिल्यांदा ऑफिसात आल्या तेव्हा खुर्चीवर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "मला सूड घ्यायचाय. त्याला कर्ज मिळतं का?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग मी गंभीर होऊन म्हणालो, "सिस्टर, बँकेच्या अर्जात कारण लिहावं लागतं. सूड लिहिलं तर मंजूर होणार नाही. गुंतवणूक लिहू या."

"लिही काहीही," त्या म्हणाल्या. "घर त्या बिल्डिंगमध्ये पाहिजे."

त्या बिल्डिंगचं नाव सांगत नाही. तुमच्या ओळखीची निघायची. विरार पूर्वेचीच आहे, चार मजली, लिफ्ट नसलेली, गेटला निळा रंग. तिच्या दुसऱ्या मजल्यावर सिस्टर, त्यांचे यजमान आणि सासूबाई भाड्याने राहत होते. घरमालक तोच सोसायटीचा चेअरमन. राहतं घर सोडून त्याची त्या एका बिल्डिंगमध्ये आणखी तीन घरं होती आणि तिन्ही भाड्याने दिलेली. तुम्हीही असे चेअरमन बघितले असतील. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी देवाचा फोटो आणि त्याच्याखाली एक नियम. कुंड्या कठड्यावर ठेवू नयेत. भाडेकरूंनी लिंबाचं झाड लावू नये. मला तो भर रस्त्यात "ए दलाल" म्हणून हाक मारायचा. वयाने मोठा आहे, पण त्याला 'ते' म्हणायला माझी जीभ वळत नाही आणि मी वळवायचा प्रयत्नही करत नाही.

सिस्टरांचे यजमान गेले ते त्यांच्याच हॉस्पिटलात. अँब्युलन्स मुंबईहून विरारला आली, निळ्या गेटशी थांबली, आणि चेअरमन आडवा आला. आरडाओरडा केला नाही त्याने. तसला माणूस आवाज चढवत नाही. हात जोडून म्हणाला, "सिस्टर, वाईट झालं. पण भाड्याची जागा आहे. मयत वर नेऊ नका. उद्या मला ती जागा परत द्यायची असते, लोक विचारतात. जे करायचं ते इथूनच करा."

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सासूबाई उभ्या होत्या. त्यांचे गुडघे गेलेले, जिना उतरायची सोय नाही. मुलगाच त्यांना पाठुंगळी घेऊन डॉक्टरकडे न्यायचा. मग अँब्युलन्सचं मागचं दार उघडलं, तोंडावरची चादर बाजूला केली, आणि त्या माउलीने आपला मुलगा वरून बघितला. सिस्टरांनी प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडात घातलं. तळमजल्यावरच्या एका बाईने तुळशीचं पान आणून दिलं. बाकीची बिल्डिंग खिडक्यांत उभी होती. कोणी खाली आलं नाही आणि कोणी एक शब्द बोललं नाही.

हे सगळं सिस्टरांनी मला ड्यूटी संपताना दुसऱ्या नर्सला पेशंट समजावून द्यावा तसं सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "अकरा महिने संपले तसा करार पण वाढवला नाही त्याने. आता मला तेच घर पाहिजे. सासूबाई म्हणतात, मी मरेन ती तिथेच, आणि तिथून मला चौघांच्या खांद्यावर खाली न्यायचं. तिला एवढं एकच हवंय. मलापण."

आता तुम्ही म्हणाल, सूड असा घेतात होय? मी सांगतो, मला तेव्हा तो अगदी बरोबर वाटला. पण अडचण व्यवहाराची होती. तो घर विकत नव्हता, आणि विकलं असतं तरी सिस्टरांकडे तेवढे पैसे नव्हते. नवऱ्याच्या आजारपणात होतं नव्हतं ते गेलेलं. तेव्हा मी त्यांना माझ्या धंद्याची बाराखडी शिकवायला बसलो.

म्हणालो, सिस्टर, एकदम तिथे उडी मारायची नाही. आधी लहान घर घ्यायचं, ते भाड्याने लावायचं. बँक सगळे पैसे देत नाही, वरचे आपले घालावे लागतात, ते तुमच्या पतपेढीतून उचलू. स्टॅम्प ड्यूटी आणि रजिस्ट्रेशन त्याहून वेगळं, त्याला बँक हात लावत नाही. बाईच्या नावावर घेतलं तर त्यात थोडी सूट मिळते. भाड्यातून हप्ता फिटेल अशा भ्रमात राहू नका, इकडे निम्मा फिटला तरी देवाची कृपा. वर्षातला एखादा महिना घर रिकामं राहणार हे धरूनच चालायचं. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी वेगळा आकार लावते, तोही धरायचा. आणि ओसी, म्हणजे राहायला परवानगी दिल्याचा पालिकेचा दाखला, नसलेल्या बिल्डिंगकडे बघायचंसुद्धा नाही.

त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि मग जिना बघायला चला म्हणायच्या.

तुळिंजला एक घर फारच स्वस्तात निघालं होतं. मी आदल्या दिवशीच तासभर बजावलं होतं, कागद कच्चे आहेत, बँक दारात उभं करणार नाही, फसाल. तरी त्या आल्या. जिन्याच्या वळणावर हात पसरले, दोन्ही कोपरं भिंतीला लागली. "छे," त्या म्हणाल्या आणि खाली उतरल्या. कागदांचा विषय निघालाच नाही. बाहेर येऊन मी म्हणालो, "सिस्टर, अहो भाडेकरूसाठी घर घेताय. त्यातला कोण मरायला बसलाय?"

"सगळेच," त्या म्हणाल्या. वॉर्डात वीस वर्षं काढलेल्या माणसाशी या विषयावर वाद घालू नये.

शेवटी फुलपाड्यातच एक वन आरके मिळालं. बिल्डिंग जुनी, पण ओसी असलेली, आणि जिना इतका ऐसपैस की मला बिल्डरची शंका आली. कर्ज झालं. आता भाडेकरू आणायचा, तो माझा हातखंडा. पहिलंच गिऱ्हाईक आलं ते नवीन लग्न झालेलं जोडपं, बरोबर मुलीची आई. करार वाचायला घेतला आणि मुलीच्या आईने कागद खाली ठेवला. सिस्टरांनी करारात आपलं एक कलम घालायला लावलं होतं. "घरात कोणाचं निधन झालं किंवा बाहेर झालं, तरी मयत घरात आणायला आणि घरातून न्यायला मालकाची हरकत राहणार नाही."

"हे काय अभद्र?" मुलीच्या आईने मला विचारलं. मी ओट्याची लांबी सांगायला लागलो. ती मुलीला दंडाला धरून घेऊन गेली.

दुसरं गिऱ्हाईक कलम वाचून म्हणालं, या घरात आधी काही झालंय का? तिसऱ्याने देवळात कौल लावून येतो म्हणून सांगितलं आणि फोन उचलणं बंद केलं. घर रिकामं, हप्ता चालू. सिस्टर जादा ड्यूट्या करत होत्या आणि डोळ्यांखाली काळ्या होत चालल्या होत्या. मी हात जोडले. "सिस्टर, कागदावरून एवढं कलम काढा. तोंडी सांगू आपण त्यांना, हवं तर मी सांगतो. कागदावर वाचून माणूस घाबरतं."

"मला कागदावर कोणी लिहून दिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तो गेटवर उभा राहू शकला. कलम राहील."

मला राग आला होता. गुंतवणूक करणारा माणूस आपल्याच मालाला असं काळं फासतो होय? पण मग एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आणि त्याची बायको आली. त्याने चष्मा लावून सबंध करार वाचला. त्या कलमाशी थांबला. परत वाचलं. बायकोला म्हणाला, "अगं ऐक," आणि मोठ्याने वाचून दाखवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "एवढं तर आमच्या मुलानेही कबूल केलं नाही." सही केली आणि त्या घरात ती दोघं अजून राहतात, धडधाकट आहेत.

सिस्टर मालकीण म्हणून कशा होत्या, हेही सांगायला हवं. भाडं खात्यात जमा व्हायचं, तरी त्या महिन्यातून एकदा बीपीचं मशीन घेऊन भाडेकरूंकडे जायच्या. भाडं आठवडाभर उशिरा आलं तर ब्र काढायच्या नाहीत. पण बीपी वर गेलेलं दिसलं, की ड्रायव्हरसाहेबांना लोणच्यावरून अशा झाडायच्या की शेजारचे आपापली लोणची आत ठेवायचे. पुढे त्यांनी दुसरं घर घेतलं. तिथे सुखासुखी राहणारे भाडेकरूही घरमालकीण येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून मीठ कमी करायचे.

स्वतः मात्र त्या तुळिंजला चाळीतल्या एका खोलीत सासूबाईंना घेऊन भाड्याने राहत. स्वस्त म्हणून आणि तळमजला म्हणून. मी कागद सह्यांना घेऊन गेलो की म्हातारी खाटेवरून विचारायची, "त्याचा विकायला निघाला काय?"

"नाही आजी, अजून नाही."

"मेला टिकून आहे. मी काय फार दिवस थांबायची नाय हो."

"थांबायचं," सिस्टर आतून म्हणायच्या. "त्या घरात जाईपर्यंत तुम्हाला परवानगी नाही." आणि गोळी आणि पाणी हातात द्यायच्या. सासवा-सुनांचं प्रेम मी पुष्कळ बघितलंय, बरंचसं दाखवायचंच असतं. या दोघींमध्ये प्रेम होतं की नाही कोण जाणे, पण दोघींचं वैर एकाच माणसाशी होतं आणि त्याने त्यांचं घर घट्ट बांधून ठेवलं होतं.

मग एक दिवस तो माझ्या ऑफिसात आला.

मला माहीत होतं की त्याचं चाललेलं बरं नाही. एका घराच्या भाड्यावर दुसऱ्या घराचा हप्ता, दुसऱ्याच्या जिवावर तिसऱ्याचा, अशी त्याची रचना होती. त्यात त्याने हायवेकडच्या एका नव्या प्रकल्पात दोन गाळे बुक केले होते आणि ते काम अर्ध्यावर बंद पडलेलं. बँकेचे फोन येत होते. समोरच्या खुर्चीवर माझी बॅग होती, ती मी उचलली नाही. तो उभाच राहिला. "साहेब," तो मला म्हणाला, "दुसऱ्या मजल्यावरचं, गेटकडच्या गॅलरीचं घर काढायचंय. आहे का कोणी खात्रीचं गिऱ्हाईक?"

मी त्याच्यासाठी चहासुद्धा मागवला. इतका आनंद मला झाला होता.

सिस्टर ड्यूटीवर होत्या. फोनवर सांगितलं तर त्यांनी आधी हातातला पेशंट दुसऱ्या नर्सच्या हवाली केला. मग म्हणाल्या, "टोकन देऊन टाक."

मी एजंट म्हणून माझं कर्तव्य केलं. म्हणालो, हा व्यवहार वाईट आहे. मोरी गळतेय, बिल्डिंगला लिफ्ट नाही, भाडं यथातथाच येणार. तुमच्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, बँक लांब मुदत देणार नाही, हप्ता कंबर मोडेल. त्यासाठी दुसरं घर विकावं लागेल, आणि ते तर आता कुठे सुरळीत भाडं द्यायला लागलंय.

"वीक ते," त्या म्हणाल्या.

सगळे कागद तयार झाले आणि दोघं समोरासमोर माझ्या ऑफिसात बसली. मी आयुष्यात इतक्या उत्सुकतेने कुठल्याच व्यवहाराला बसलो नव्हतो. मला बघायचं होतं, त्यांना बघून त्याचं तोंड कसं पडतं. तो आला, हसला, नमस्कार केला. नाव वाचलं. "नर्स का तुम्ही? कुठल्या हॉस्पिटलला? वा, बरं झालं. बिल्डिंगमध्ये एक नर्स असली की लोकांना आधार असतो." सही करून त्याने पेन सिस्टरांच्या पुढे धरलं, टोक त्यांच्या बाजूला येणार नाही अशा बेताने, अगदी अदबीने.

त्याला आठवतच नव्हतं. तो नाटक करत नव्हता, मी माणसं ओळखतो. किती भाडेकरू आले, किती गेले. त्यातल्या एका बाईला त्याने गेटवर दोन वाक्यं सांगितली होती, आणि मग वर जाऊन जेवला असेल.

सिस्टरांनी सह्या केल्या. तो गेल्यावर त्या बाहेर पायरीवर बसल्या आणि रडल्या. मी त्यांना तेव्हाच एकदा रडताना बघितलं. "त्याला आठवत पण नाही रे," त्या म्हणत होत्या. "मी इतकी वर्षं त्याच्यासाठी हप्ते भरले आणि त्याला आठवत पण नाही."

संध्याकाळी चाळीत म्हातारीला सांगितलं. ती अजिबात हलली नाही. म्हणाली, "त्याला कशाला आठवायला हवा? मला आठवतंय ना. सामान बांधा."

टेंपोवाल्या दोन पोरांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावर नेलं. तिने खुर्ची गॅलरीत ठेवायला लावली, गेटकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमन दूध आणायला निघाला तर वरून खणखणीत आवाज आला, "चेअरमन, मी बहुतेक ह्या आठवड्यात."

"काय आजी?"

"जायची."

तो हसला. म्हातारं माणूस, काहीतरी बोलतं. पण दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. "चेअरमन, ह्या सोमवारी नाय जमला. आता गुरुवारपर्यंत बघते." पाचवी-सहावी वेळ झाल्यावर तो हसेनासा झाला. एक दिवस मी तिथे मोरीच्या कामासाठी प्लंबर घेऊन गेलो होतो, तेव्हा तो गेटशी उभा राहून वर गॅलरीकडे बघत होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "अहो, ही बाई मागे इथेच राहायची का? तो मुलगा... अँब्युलन्स आली होती तो?"

"तोच," मी म्हणालो.

त्याचं तोंड पडलं. जे मला ऑफिसात बघायचं होतं ते मला गेटशी बघायला मिळालं आणि मी ते अगदी निवांतपणे बघून घेतलं. त्या दिवसापासून तो पुढच्या गेटने जाईनासा झाला. मागच्या भिंतीला पंपाच्या खोलीमागे एक फट आहे, तिथून अंग चोरून बाहेर पडायचा. ग्रुपवरचे नियम बंद झाले, नुसता देवाचा फोटो यायचा. एकदा तो धीर करून वर गेला. सिस्टरांनी साखळी न काढता दार उघडलं. "सिस्टर, दोन मिनिटं बोलायचं होतं," तो म्हणाला.

"मेंटेनन्स भरलाय," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

गंमत अशी की म्हातारी सुधारली. त्या गॅलरीत बसून तिला भूक लागायला लागली, रंग आला. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. वैरावर माणूस इतकं छान जगतं हे मला ठाऊक नव्हतं. सिस्टर म्हणायच्या, "इथे मरायला आणली आणि बसलीय तूप-भात खात." हे म्हणताना त्यांचं तोंड बघण्यासारखं असायचं.

मग एका दुपारी जेवण झाल्यावर म्हातारी गॅलरीतच, खुर्चीत बसल्या बसल्या गेली.

दोन तासांत सगळी बिल्डिंग वर जमली. पूर्वी खिडक्यांत उभी राहिलेली तीच माणसं आता हॉलमध्ये मांडी घालून बसली होती. कोणी फुलं आणली, कोणी नातेवाइकांना फोन लावत होतं. सिस्टरांनी स्वतः सासूला न्हाऊ घातलं, नवं लुगडं नेसवलं, सोन्याचा मणी आणि तुळस तोंडात ठेवली. घाई केली नाही. पाया पडायला आलेल्या प्रत्येकाला वरपर्यंत येऊ दिलं. आम्ही तिला जिन्यावरून खाली आणलं तेव्हा मी मागच्या बाजूला होतो. यजमानांच्या चुलत पुतण्याने मडकं धरलं होतं, सिस्टर त्याच्याबरोबर पुढे चालत होत्या.

गेटशी खांदा बदलायला थांबलो. चेअरमन तिथेच होता. चपला काढून, हातात हार घेऊन. हार त्याने वाहिला, तो सिस्टरांनी वाहू दिला. मग तो पुढे आला, डाव्या बाजूच्या पुढच्या दांड्याला हात लावला आणि अगदी हळू म्हणाला, "सिस्टर, तेव्हाचं... मला एवढं करू द्या."

"तुमचा खांदा नको," सिस्टर म्हणाल्या.

त्याही हळूच म्हणाल्या. पण जमलेले सगळे गप्प होते, त्यामुळे प्रत्येकाला ऐकू गेलं. पुतण्या म्हणाला, "काकी, बायका नाही देत," तोवर त्यांनी पदर खोचून त्या जागी स्वतःचा खांदा लावला होता. त्या बुटक्या, त्यामुळे तिरडी त्या कोपऱ्यावर कलली आणि आम्हा बाकीच्या तिघांना गुडघे वाकवून चालावं लागलं. तसेच निघालो. मी वळून बघितलं. तो गेटच्या आत अनवाणी उभा होता आणि त्याच्या आजूबाजूला कोणी नव्हतं.

लोक म्हणतात, सूड घेऊन समाधान मिळत नाही. मला मिळालं. त्या दिवशी मी घरी येऊन आंघोळ केली, पोटभर जेवलो आणि गाढ झोपलो. सिस्टरांचं मला सांगता येत नाही. तेरावं झालं तशा त्यांनी त्या घराच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "भाड्याने लाव," म्हणाल्या. "कलम तेच." त्या घरात त्या पुन्हा राहिल्या नाहीत. पुढे निवृत्त होऊन देवरुखकडे धाकट्या बहिणीजवळ राहायला गेल्या. त्यांच्या दोन्ही घरांचं मी बघतो. फोनवर भाड्याचं दोन मिनिटांत होतं, मग अर्धा तास प्रत्येक भाडेकरूची तब्येत विचारतात. विरारला या म्हटलं की आता कशाला, म्हणतात.

चेअरमन आता चेअरमन नाही. भाड्याची उरलेली घरंही गेली, राहतं घर तेवढं उरलं. वाळलाय. मध्ये हृदयाचं काही झालं. दोन-तीन महिन्यांनी माझ्या ऑफिसात येतो, पंख्याखाली बसतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि उठताना विचारतो, "सिस्टरांचा नंबर मिळेल का? एकदा बोलून घ्यायचं होतं." नंबर माझ्या मोबाइलमध्ये असतो. कधी कधी तर त्याच सकाळी त्यांच्याशी बोललेलो असतो. "त्यांनी बदलला वाटतं," मी म्हणतो. "मिळाला तर कळवतो."

गेल्या वेळी तो जिना चढल्यासारखा धापा टाकत आला, तेव्हा मला कसंसंच झालं. रात्र जाऊ दिली आणि सकाळी सिस्टरांना फोन करून सगळं सांगितलं. तो येतो, नंबर मागतो, आजारी दिसतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पलीकडे अंगणात कोणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे, दे त्याला.

"पायांवर सूज आहे का त्याच्या?" त्यांनी विचारलं.

"आहे वाटतं. चप्पल घट्ट झाल्यासारखी दिसत होती."

"त्याला सांग, डॉक्टरला दाखव. आजच जा म्हणावं, टाळू नकोस."

"सांगतो. आणि नंबर?"

"नंबर मी गेल्यावर दे," सिस्टर म्हणाल्या. "तोवर तो असला तर."